नाईल क्रूझवर जाताय? एडफूची घोडागाडी आणि पन्नासची नोट सांभाळा

इजिप्तमधल्या लक्सर ते आस्वान क्रूझमध्ये पर्यटक सर्वांत जास्त नाडला जातो तो वाटेतल्या एडफू गावी. होरस या प्राचीन इजिप्शियन देवाचं मंदिर धक्क्यापासून जेमतेम दीड-दोन किलोमीटरवर आहे. पण बोटी साधारण एकाच सुमारास लागतात, शेकडो माणसं एकदम उतरतात आणि समोर घोडागाड्यांची झुंबड असते. तुमची बोट ठरलेल्या वेळी सुटणार हे गाडीवाल्याला पक्कं ठाऊक असतं, आणि त्याचा सगळा जोर त्यावरच असतो.

चढताना तो नुसता "दोनशे" म्हणतो. परतीच्या वाटेवर त्या दोनशेचे अर्थ बदलतात: माणशी दोनशे, किंवा फक्त जाण्याचे दोनशे, किंवा इजिप्शियन नव्हे तर ब्रिटिश पौंड. चलनाचं नाव दोन्हीकडे पौंडच, त्यामुळे वाद घालायला त्याला जागा मिळते. म्हणून गाडीत पाय ठेवण्याआधी चार गोष्टी बोलून घ्या: इजिप्शियन पौंड, पूर्ण गाडीचे, जाऊन-येऊन, थांबण्यासकट. आकडा मोबाइलवर टाइप करून दाखवा. गाडीच्या नंबरचा फोटो काढा आणि पैसे धक्क्यावर परत उतरल्यावरच द्या. आधी दिले तर मंदिरातून बाहेर आल्यावर ती गाडी सापडत नाही. टूरच्या पैशांत गाडी धरलेली असेल, तर गाइडकडून गाडीवाल्यासमोर तसं वदवून घ्या.

आता नोटेकडे बघा. पन्नास पौंडाची एक नोट असते आणि पन्नास पियास्टरचीही. शंभर पियास्टरचा एक पौंड, म्हणजे दुसरीची किंमत पहिलीच्या शंभरावा भाग. तुम्ही पन्नास पौंड देता, तो मूठ मिटतो, उघडतो, आणि त्यात पियास्टरची नोट असते: "तुम्ही हीच दिलीत." ओळखायची खूण सोपी आहे. पन्नास पौंडाच्या कागदी नोटेच्या इंग्रजी बाजूला याच एडफूच्या मंदिराचं चित्र आहे. पियास्टरच्या नोटेवर दुसरा रामसेस हा प्राचीन राजा. नोट उलगडून, आकडा मोठ्याने म्हणून, एकेक करून हातात ठेवा.

आपल्या लोकांचा आणखी एका ठिकाणी घोळ होतो. अरबी आकड्यांतला पाच थेट आपल्या शून्यासारखा गोल असतो, शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि सहा इंग्रजी सातसारखा दिसतो. दुकानातली पाटी किंवा सुटे पैसे बघताना हे डोक्यात असू द्या, नाहीतर पंचावन्नचा आकडा दोन शून्यं वाटतो.

बोट बुक करतानाची फसवणूक मात्र घरी बसूनच होते. कागदावर बोटीच्या नावापुढे "किंवा तत्सम" असं असेल, तर फोटोतली बोट मिळेलच असं नाही. ते शब्द काढायला लावा, निदान बदली बोटीची नावं लिहून घ्या. "चार रात्री"मधली पहिली रात्र बहुधा लक्सरच्या धक्क्यावर आणि शेवटची आस्वानच्या धक्क्यावर जाते, आणि शेवटच्या दिवशी नाश्त्यानंतर खोली सोडावी लागते. नदीकडच्या खोलीसाठी जादा पैसे मागितले तर देऊ नका: बहुतेक सगळ्या खोल्यांना बाहेरची खिडकी असते, आणि धक्क्यावर चार-पाच बोटी एकमेकींना चिकटून लागल्या की खिडकीतून शेजारच्या बोटीचा पडदा दिसतो. विचारायचंच तर मजला विचारा, कारण सगळ्यांत खालच्या मजल्यावर खिडकी पाण्यालगत आणि इंजिन जवळ असतं. मंदिरांची तिकिटं, कर्मचाऱ्यांची टिप आणि अबू सिंबेलच्या मंदिरांची सहल धरली आहे का, हे लेखी घ्या. अबू सिंबेल आस्वानपासून सुमारे २८० किलोमीटर आहे, त्याची गाडी पहाटे निघते आणि बहुधा वेगळे पैसे पडतात.

लक्सरजवळच्या व्हॅली ऑफ द किंग्जमध्ये, म्हणजे प्राचीन राजांच्या थडग्यांच्या दरीत, साध्या तिकिटावर तीन थडगी पाहता येतात. तुतनखामुन आणि पहिला सेती यांची तिकिटं वेगळी. आतला रखवालदार खुणेने दोरीपलीकडे बोलावतो, तुमच्या फोनने फोटो काढतो आणि मग बक्षीस मागतो. दोरीपलीकडे जायचं नाही आणि फोन हातातून सोडायचा नाही, एवढं पाळलं तरी पुरे.

वाटेत एस्नाला जलपाश आहे, म्हणजे बोटीला पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणारी दरवाजांमधली कोठी. तिथे बोट थांबली की होड्यांतले विक्रेते पिशवीत घातलेले गलाबिया (तिकडचे पायघोळ अंगरखे) आणि टेबलक्लॉथ थेट वरच्या डेकवर फेकतात. पैसे त्याच पिशवीतून खाली टाकायचे असतात. दाखवलेला कपडा एक आणि पिशवीतला दुसराच, असं होतं. माप तोकडं निघतं. आधी पिशवी उघडा, कपडा पूर्ण उलगडा, दोन्ही टोकं आणि शिवण बघा. पसंत नसेल तर तशीच घडी करून पिशवीसकट होडीत परत टाका. पैसे एकदा खाली गेले आणि दरवाजे उघडून बोट पुढे सरकली, की तो विक्रेता पुन्हा भेटत नाही.