यूबीसॅन काही महिने वापरून: ओव्हरफ्लोला वाघ, राउंडिंगला मांजर

अनडिफाइन्ड बिहेवियर सॅनिटायझर, म्हणजे आपला यूबीसॅन: सी भाषेत ज्याचं वागणं ठरलेलंच नाही असं काही प्रोग्रॅम चालताना घडलं की ओरडणारं टूल. वेगळं काही डाउनलोड करायला नको, क्लँग या कंपायलरमध्ये आहेच, जीसीसी या दुसऱ्या कंपायलरमध्ये 4.9 पासून म्हणजे 2014 पासून आहे, कंपाइल करताना एक फ्लॅग टाकला की काम सुरू. सेन्सरच्या फर्मवेअरमधला इंटिजर कोड दुरुस्त करायला गेले काही महिने मी हाच वापरतोय. पाचपैकी साडेतीन स्टार.

12 बिटचं एडीसी रीडिंग (सेन्सरचं व्होल्टेज 0 ते 4095 अशा आकड्यात, 4095 म्हणजे 3.3 व्होल्ट) मायक्रोव्होल्टमध्ये न्यायचं होतं, कोड साधा, रीडिंग गुणिले 3300000 भागिले 4095. कागदावर एकदम बरोबर. पण 32 बिटच्या इंटमध्ये (सीचा नेहमीचा साइन्ड पूर्णांक, जास्तीत जास्त सुमारे 214 कोटी) रीडिंग 651 झालं की गुणाकारच मावत नाही, हाच ओव्हरफ्लो, आणि माझं टेस्ट रीडिंग कायम 500 च्या आसपास, त्यामुळे पत्ताच नाही. 0 ते 4095 सगळी रीडिंग लूपमध्ये फिरवली तेव्हा यूबीसॅनने फाइल, लाइन नंबर आणि कुठले दोन आकडे गुणताना फाटलं ते सगळं छापून दिलं. इथे पूर्ण मार्क. 16 बिटचे दोन अनसाइन्ड (निगेटिव्ह न होणारे) आकडे गुणताना पण ओरडला, मला वाटलं येडा झालाय, अनसाइन्डमध्ये साइन्ड ओव्हरफ्लो कुठून आला, पण गुणाकाराआधी दोन्ही इंट होतात आणि 65535 चा वर्ग इंटमध्ये बसत नाही, म्हणजे बरोबर तोच होता.

आता माझा शहाणपणा ऐका. ओव्हरफ्लो नको म्हणून मी आधी भागाकार केला, मग गुणाकार. रिपोर्ट क्लीन, मी खूश. 3300000 भागिले 4095 म्हणजे 805.86, इंटिजरमध्ये उरले 805, आणि फुल स्केलला 3300000 च्या जागी आलं 3296475. साडेतीन मिलिव्होल्ट गायब आणि यूबीसॅन ढिम्म, कारण अपूर्णांक टाकून देणं हे सी भाषेचं ठरलेलं वागणं आहे, त्याच्या हिशोबात गुन्हाच नाही. खरा उपाय म्हणजे गुणाकार 64 बिटमध्ये करायचा, त्यात 2047 म्हणजे भाजकाच्या निम्मे मिळवायचे आणि मग भागायचं (आकडा निगेटिव्ह असेल तर मिळवायच्या ऐवजी वजा करायचे, हे विसरलात तर नवीन बग तयार).

रीडिंगची थरथर कमी करणाऱ्या फिल्टरमध्ये तर अजून मजा. नवीन इनपुट आणि जुनी व्हॅल्यू यांचा फरक काढून तो 3 बिट उजवीकडे शिफ्ट करून (म्हणजे आठने भागून, उत्तर कायम खालच्या पूर्णांकाला) जुन्या व्हॅल्यूत मिळवायचा, सगळे असंच लिहितात. इनपुट 1000 ला स्थिर ठेवलं तर खालून येणारी व्हॅल्यू 993 ला अडकते, कारण 7 शिफ्ट केले की शून्य, पण वरून येणारी बरोबर 1000 ला पोचते, कारण उणे 7 चे उणे 1 होतात. एकच फिल्टर, दोन उत्तरं! व्हॅल्यू आठपट करून साठवली आणि शिफ्ट फक्त वाचताना केला की दोन्ही बाजूंनी 1000. हे शोधायला यूबीसॅनची काडीची मदत झाली नाही, कागद-पेन घेऊनच बसावं लागलं.

आणि हे किरकोळ समजू नका. व्हँकुव्हर स्टॉक एक्सचेंजचा इंडेक्स 1982 मध्ये 1000 पासून सुरू झाला आणि नोव्हेंबर 1983 पर्यंत घसरत 520 च्या आसपास आला, खरा असायला हवा होता 1098 च्या पुढे. कुठे ओव्हरफ्लो नाही, क्रॅश नाही, दर वेळी तीन दशांशांनंतरचं नुसतं कापून टाकत होते.

बाकी तक्रारी छोट्या. अनसाइन्ड आकडा गुंडाळून परत शून्यावर आला तर डीफॉल्टला काही बोलत नाही, क्लँगमध्ये त्याला वेगळा फ्लॅग आहे. आणि कोड पीसीवर तपासून 8 बिटच्या एव्हीआर मायक्रोकंट्रोलरवर टाकणार असाल तर सांभाळा, तिथे इंट 16 बिटचा, 300 गुणिले 200 तिथे फाटतं आणि पीसीवर निवांत चालतं.

फ्लॅग मात्र मेकफाइलमधून काढणार नाही. फक्त शेजारी एक टेस्ट ठेवलीय, तीच 4096 रीडिंग डबलमध्ये, म्हणजे अपूर्णांकासकट, काढते आणि फरक अर्ध्या मायक्रोव्होल्टच्या वर गेला की फेल होते.