काम्पोटमधलं भाड्याचं घर: अकरा महिने राहिल्यावर

कंबोडियातल्या काम्पोटला आम्ही गेल्या नोव्हेंबरात आलो. नवरा मिरीच्या व्यापारात आहे आणि इथल्या मिरीला 2010 पासून भौगोलिक मानांकन आहे, म्हणून हे गाव. माझं हिशेबाचं काम घरबसल्या चालतं. अकरा महिन्यांत दोन घरं झाली. पहिलं फसलं, दुसऱ्यात मी मनापासून रमले आहे.

पहिलं घर आम्ही पुण्यात बसून फोटोंवरून ठरवलं. नदीजवळ, नवं सिमेंटचं, दोन मजली, वर एसी. भाडं महिना 300 डॉलर आणि तेवढंच डिपॉझिट. फोटो अगदी खरे होते. पण शेजारची खिडक्या नसलेली उंच भिंत फोटोत आली होती, ती कशाची हे आम्हाला कुठून कळणार? ते पाकोळ्यांचं घर होतं. या पाकोळ्यांची घरटी खातात, त्यांना चांगला भाव मिळतो. पक्षी यावेत म्हणून भिंतीला लहान भोकं ठेवतात आणि कर्ण्यावर त्यांचाच रेकॉर्ड केलेला चिवचिवाट लावतात. संध्याकाळी खरे पक्षी परतले की दोन्ही आवाज एकात एक मिसळतात. माझ्या ऑफिसच्या मीटिंगा नेमक्या त्याच वेळी. पलीकडचा माणूस विचारायचा, तुम्ही बाजारात उभ्या आहात का? तिसऱ्या महिन्यात घर सोडलं. डिपॉझिट परत मिळालं नाही, कारण करार सहा महिन्यांचा होता आणि तो आम्ही न वाचता सही केला होता. गावात अशा इमारती बऱ्याच आहेत. घर बघायला दुपारी जा आणि संध्याकाळी सहाला पुन्हा जा.

दुसऱ्या वेळी आठवडाभर गेस्टहाउसात राहिलो आणि स्कूटरवर गल्ल्या फिरलो. इथली निम्मी घरं इंटरनेटवर येतच नाहीत. फाटकाला पाटी टांगलेली असते, ख्मेर अक्षरं आणि खाली फोन नंबर. आम्हाला घर दाखवलं ते सकाळी नूडल्स विकणाऱ्या बाईंनी. रोज तिथेच खायचो, चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःहून विचारलं, घर हवंय का, माझ्या नणंदेचं आहे. त्या नणंदबाई आता आमच्या घरमालकीण. आम्ही त्यांना मिंग म्हणतो, म्हणजे मावशी. इथे नावाने हाक मारण्यापेक्षा नात्याने मारतात, हे आपल्याला शिकवावं लागत नाही.

घर जुन्या धर्तीचं आहे: वर लाकडी, खाली विटांचं, कौलारू, मागे पडवीसारखी उघडी चूल-ओट्याची जागा. भाडं 220 डॉलर. पश्चिमेला बोकोरचा हजार मीटरहून उंच डोंगर, गावाबाहेर मिठागरं, आणि अंगणाच्या कोपऱ्यात खांबावरचं छोटं देवघर. तिथे मिंग केळी आणि उदबत्ती ठेवते. माझं माहेर वेंगुर्ल्याचं. राखणदाराला नारळ ठेवणारी माझी आजी मला पहिल्याच दिवशी आठवली.

करार एका पानाचा, ख्मेर आणि इंग्रजी. सहीसोबत अंगठा लागतो, लाल शाईचा. मिंगने माझा अंगठा स्वतः धरून गादीवर दाबला, कागदावर उमटवला आणि मग तिच्याच पदराला, म्हणजे खांद्यावरच्या क्रामाला, पुसला. यावेळी मी प्रत्येक ओळ नूडल्सवाल्या बाईंच्या मुलाकडून वाचून घेतली: लवकर सोडलं तर काय, गळतीचा खर्च कोणाचा, विजेचा दर काय.

विजेचं नीट विचाराच. पहिल्या घरी युनिटला 1,000 रियेल लावत होते, म्हणजे साधारण पाव डॉलर, आणि सरकारी बिल कधीच दाखवलं नाही. इथे मीटर रस्त्यावरच्या खांबावर उंच पेटीत असतात. दर महिन्याला मिंगचा मुलगा खाली उभा राहून फोन झूम करतो, फोटो काढतो आणि मूळ बिलासोबत मला पाठवतो. तेवढेच पैसे द्यायचे.

एप्रिल कठीण जातो. वरच्या लाकडी खोलीत दुपारी बसवत नाही, आम्ही खाली फरशीवर गादी टाकून झोपायचो. एसी नाही, आणि दोन पंख्यांवर भागतं असं मी म्हणणार नाही. लहान मूल किंवा वयस्कर माणूस सोबत असेल तर एसीचंच घर घ्या. लग्नसराई कोरड्या महिन्यांत असते, मांडव रस्त्यावरच पडतो आणि पहाटे पाचला कर्णे सुरू. मिंग आदल्या दिवशी येऊन सांगते. एवढ्याने मला ते सोसतं.

पावसाची काळजी होती, कारण घर कोरड्या दिवसांत घेतलं. बोकोर नैर्ऋत्येचा पाऊस अडवतो, आपल्या सह्याद्रीसारखाच, आणि ऑगस्टात तो सलग कोसळला. गल्लीत पोटऱ्यांपर्यंत पाणी आलं. घरात आलं नाही, कारण जोतं उंच आहे. घर घेताना भिंतीवर पाण्याची जुनी रेघ कुठवर आहे ते बघितलं होतं, ते कामी आलं. दोन कौलं सरकली. मिंगचा मुलगा पाऊस थांबताच वर चढला.

बाकी किरकोळ. इंटरनेट फायबरचं, चांगलं चालतं. पिण्याला वीस लिटरचे जार. तूरडाळ आणि मसाले दीडशे किलोमीटरवरच्या फ्नॉम पेन्हहून. डॉलरची नोट जरा फाटली तरी कोणी घेत नाही, भाड्याच्या नोटा जपून ठेवा. आणि व्हिसा वाढवायचा तर परदेशी माणूस कुठे राहतो याची नोंद इमिग्रेशनकडे हवी. ती घरमालकाने करायची असते. पहिल्या मालकाने टाळाटाळ केली होती, मिंगने पहिल्याच आठवड्यात केली. घर आवडलं तरी ही नोंद करायला मालक तयार नसेल तर ते घेऊ नका.

सध्या इथे प्चुम बेन चालू आहे, पितरांचा पंधरवडा, आपल्या पितृपक्षाच्याच दिवसांत. काल मिंग केळीच्या पानात बांधलेला चिकट भाताचा नोम अन्सॉम घेऊन आली. मी तिला खीर दिली. मग तिने पुढच्या वर्षाचा करार काढला, भाडं तेच ठेवून, आणि लाल शाईची डबी उघडली.