कायकोरा : देवमासे, डॉल्फिन आणि अल्बट्रॉस

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, क्राइस्टचर्चपासून सुमारे १८० किलोमीटर उत्तरेला, कायकोरा वसले आहे. येथे हजार मीटरांहून खोल सागरी दरी किनाऱ्याच्या इतकी जवळ आहे की, एरवी दूरच्या खोल समुद्रात राहणारे स्पर्म व्हेल जातीचे देवमासे वर्षभर, बोटीच्या छोट्याशा प्रवासात पाहता येतात.

येथील माओरी या मूळनिवासी समाजाने १९८७ साली सुरू केलेल्या ‘व्हेल वॉच कायकोरा’ची फेरी मला मनापासून आवडली. हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपणारा मायक्रोफोन, पाण्यात सोडून कर्मचारी देवमाशाची टकटक ऐकतात आणि तो कोठे वर येईल याचा अंदाज बांधतात. ही शोधाची प्रक्रिया प्रत्यक्ष दर्शनाइतकीच रंजक आहे. देवमासा साधारण दहा मिनिटे श्वास घेत पृष्ठभागावर पडून राहतो आणि शेपूट उंचावून बुडी मारली की बहुधा पाऊण तास तरी वर येत नाही. त्यामुळे तो पाण्याबाहेर उसळी घेताना दिसेल या अपेक्षेने जाऊ नये. देवमासा दिसलाच नाही, तर भाड्याचे ८० टक्के परत मिळतात. कायद्यानुसार बोटीला त्याच्या ५० मीटरांच्या आत जाता येत नाही, आणि हे अंतर मला योग्यच वाटते.

डस्की डॉल्फिनचे कळप मात्र स्वतःहून बोटीजवळ येतात.

समुद्री पक्षी दाखवणाऱ्या बोटफेरीकडे अनेक पर्यटक दुर्लक्ष करतात, याचे वाईट वाटते. माशांचे यकृत जाळीत भरून पाण्यात सोडताच तीन मीटरांपर्यंत पंखविस्तार असलेले अल्बट्रॉस हे समुद्रपक्षी बोटीलगत उतरतात आणि त्या खाद्यासाठी जायंट पेट्रेल या दुसऱ्या मोठ्या समुद्रपक्ष्याशी भांडतात. त्यांच्या चोचीची ठेवण आणि पंखांची घडी दुर्बिणीशिवाय निरखता येते. हटन्स शियरवॉटर हा पक्षी तर नैसर्गिकरीत्या केवळ गावामागच्या उंच पर्वतांतच घरटी करतो. त्याची पिल्ले प्रथमच समुद्राकडे निघाली की धुक्याच्या रात्री दिव्यांना भुलून रस्त्यांवर उतरतात, आणि गावकरी त्यांना उचलून सुरक्षित ठिकाणी पोहोचवतात.

समुद्र खवळल्यास फेऱ्या रद्द होतात, म्हणून एक दिवस राखून ठेवावा. एकाच फेरीचा खर्च झेपणार असेल, तर मी पक्ष्यांची बोट सुचवेन, कारण तेथे पाहण्याजोगे काही ना काही सतत समोर असते.