घोस्ट: बातमीच्या शेजारीच हिशेब दाखवणारं सॉफ्टवेअर

नोकरी सोडून स्वतःचं वार्तापत्र काढायला निघालेले पत्रकार भेटले की हमखास विचारतात, वार्तापत्र चालवायला सबस्टॅक बरं की घोस्ट? मी घोस्ट घेतलं. विम्याच्या पॉलिसीतल्या अटी आणि नाकारले गेलेले दावे, एवढ्या एकाच विषयावरचं माझं साप्ताहिक पत्र त्यावरून जातं. आता त्याबद्दल चार शब्द लिहावेत इतका वापर झाला आहे.

वेबसाइट, ईमेलने जाणारं पत्र आणि वर्गणीदारांचा हिशेब हे तिन्ही घोस्टमध्ये एकाच ठिकाणी सांभाळता येतं. जॉन ओ'नोलन आणि हॅना वुल्फ यांनी २०१३ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे जमवून ते उभं केलं. मागे ना-नफा संस्था आहे आणि सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड कुणीही घेऊन वापरू शकतो. सबस्टॅक वर्गणीतले १० टक्के घेतं. घोस्ट वर्गणीला हात लावत नाही, पण त्यांच्या सर्व्हरवर राहायचं तर भाडं पहिल्या दिवसापासून सुरू, वाचक येवोत न येवोत. वाचक वाढले की भाडंही टप्प्याटप्प्याने वाढतं. स्ट्राइप ही पेमेंट कंपनी तिचं शुल्क दोन्हीकडे कापतेच.

आयुष्यभर पगारावर काढलेल्या माणसाला टक्केवारीच सोयीची वाटते. मिळाले तर द्यायचे, नाही मिळाले तर काही जात नाही. भाडं म्हटलं की पोटात गोळा येतो. मला मात्र भाडंच मानवलं, कारण महिना काढायला किमान किती वर्गणीदार लागतील हा आकडा काढल्याशिवाय सुटकाच नव्हती. वर्तमानपत्राच्या डेस्कवर इतकी वर्षं काढली, पण आपलं पान निघायला किती खर्च येतो हे कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. ते जाहिरातवाल्यांचं काम, असं म्हणून पुढच्या बातमीला लागायचं. छोट्या जाहिराती क्रेगलिस्टसारख्या साइट्सकडे गेल्या, बाकीच्या गूगल-फेसबुककडे, आणि मग कळलं की आपला पगार तिथूनच निघत होता.

आता लिहिण्याची खिडकी. पांढरं पान, डोक्यावर मथळा, बाकी काही नाही. तिरकी रेघ टाइप केली की यादी उघडते: चित्र, बटण, कोट वगैरे. त्या यादीतलं एक कार्ड फुकट वाचणाऱ्याने कुठे थांबायचं ते ठरवतं. मजकुरात एक आडवी रेघ येते. रेघेच्या वरचं सगळ्यांना, खालचं वर्गणीदारांना. दिसायला एवढंसं, पण माझा सगळ्यात जास्त वेळ ही रेघ वरखाली सरकवण्यातच जातो.

कारण आम्हाला शिकवलंय उलटा पिरॅमिड: महत्त्वाचं पहिल्या परिच्छेदात, बाकीचं उतरत्या क्रमाने, जागा कमी पडली तर खालून कापा. तशी बातमी लिहून मध्ये रेघ मारली तर अख्खा ऐवज फुकटात जातो आणि वर्गणीदाराच्या वाट्याला शेपूट येतं. उलट बातमीच झाकून ठेवली तर पत्रकार कशाला म्हणवून घ्यायचं? मी शेवटी असं बसवलं आहे: निकाल काय लागला, कंपनी काय म्हणाली, ग्राहक काय म्हणाला, हे सगळं रेघेच्या वर. रेघेखाली, त्याच कलमाची भाषा तुमच्या पॉलिसीत कुठे सापडेल आणि दावा भरताना कोणता कागद आधी जोडायचा. बातमी सगळ्यांची, कामाची मदत वर्गणीदाराची. यात धंदा आहे आणि संपादनही आहे. दोन्ही एकाच बैठकीत करावं लागतं, हे घोस्टने अंगवळणी पाडलं.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे कोणत्या लेखावरून किती जण सभासद झाले आणि त्यातले किती पैसे भरून, हे लेखागणिक दिसतं. छापील अंकाचा खप कळायचा, पण कुणी कोणत्या बातमीसाठी अंक घेतला हे देवालाच ठाऊक. इथे मी राबून केलेला लांबलचक शोधलेख भरपूर वाचला गेला आणि त्यावरून कुणीही पैसे भरले नाहीत. आधीपासून असलेल्या आजारांसाठीच्या प्रतीक्षाकाळाचा एक रुक्ष तक्ता मात्र वर्गणीदार आणत राहिला. पत्राला वाचकांची उत्तरं येऊ लागली तेव्हा उलगडा झाला: पैसे भरणारे बहुतेक विमा एजंट होते. ज्यांच्यासाठी लिहितेय असं मी धरून चालले होते ती पॉलिसीधारक मंडळी वाचतात, पुढे पाठवतात, आभारही मानतात. पैसे भरतो तो, ज्याचं रोजचं काम त्या तक्त्यामुळे सोपं होतं.

मग प्रश्न येतो कुंपणाचा. वर्तमानपत्रात संपादकीय आणि जाहिरात विभागांमध्ये निदान एक भिंत असायची, कधीकधी तर खरीखुरी. इथे दोन्ही खाती एकाच डोक्यात. विमा कंपन्यांकडून प्रायोजकत्वाची विचारणा होते, मी नाही म्हणते, आणि हा नियम साइटवर ठळक लिहून ठेवला आहे. एजंटांची वर्गणी घेते, त्यांच्या सांगण्यावरून विषय घेत नाही. यात सॉफ्टवेअर काहीच मदत करत नाही, करूही शकत नाही.

त्रासाचं बोलायचं तर, पत्र किती जणांनी उघडलं या आकड्यावर विसंबू नका. ही मोजणी पत्रातलं एक अदृश्य चित्र उतरलं की नाही यावरून होते. ॲपलने २०२१ मध्ये मेलमधली चित्रं आधीच उतरवून ठेवायची सोय आणली, तेव्हापासून न उघडलेलं पत्रही उघडलेलं दिसू शकतं. हा दोष घोस्टचा नाही, सगळ्यांनाच भोवतो. मी दुव्यांवरचे क्लिक आणि आलेली उत्तरं पाहते. जीमेल १०२ किलोबाइटच्या पुढचं पत्र कापतं हेही ध्यानात ठेवा. देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह ३ बाइट खातं, इंग्रजीचं १. म्हणजे आपलं पत्र आधी कापलं जाणार, आणि तळाचा वर्गणी बंद करण्याचा दुवाच दिसेनासा होणार. तो सापडला नाही की वाचक सरळ स्पॅमचं बटण दाबतो.

आणि घोस्ट वाचक आणून देत नाही. सबस्टॅककडे स्वतःचं ॲप आहे, एका लेखकाने दुसऱ्याची शिफारस करण्याची रीत तिथे रुळलेली आहे. घोस्टमध्ये शिफारशी आहेत, २०२५ च्या सहाव्या आवृत्तीपासून मॅस्टडॉनसारख्या समाजमाध्यमांच्या जाळ्यांवरच्या लोकांना थेट जोडूनही घेता येतं, पण गर्दी बेताचीच. दारोदार तुम्हालाच फिरायचं आहे. ज्याला फक्त लिहायचं आहे आणि वाचक आपोआप यावेत असं वाटतं, त्याने सबस्टॅकपासून सुरुवात करावी. वाचकांची यादी तिथूनही बाहेर काढता येते. 'प्लॅटफॉर्मर' हे तंत्रज्ञानविषयक वार्तापत्र २०२४ च्या जानेवारीत सबस्टॅक सोडून घोस्टवर आलं ते असंच. चार पत्रकारांनी मिळून २०२३ मध्ये काढलेलं '४०४ मीडिया' हे तंत्रज्ञानाच्या बातम्यांचं संकेतस्थळही घोस्टवर चालतं.

मी मात्र यादीसाठीच घोस्टवर राहीन. सगळे सभासद एका फाइलमध्ये, लेख दुसऱ्या फाइलमध्ये, वर्गणीचं खातं माझ्या नावावर. ट्विटरने रेव्ह्यू ही वार्तापत्रांची सेवा २०२१ मध्ये विकत घेतली आणि २०२३ च्या जानेवारीत बंद केली. तेव्हा ज्याने यादी उतरवून घेतली त्याचे वाचक राहिले.

सर्व्हर स्वतःचा ठेवून भाडं वाचवता येतं, पण मोठ्या प्रमाणावर पत्रं पाठवायला मेलगन या ईमेल पाठवणाऱ्या सेवेचं खातं वेगळं घ्यावं लागतं आणि रात्री-अपरात्री काही अडलं तर तुम्हीच मेकॅनिक. मी भाडं भरते. पाचपैकी चार तारे. एक कापला तो वर्गणी घ्यायला स्ट्राइपखेरीज दुसरी वाट दिलेली नाही म्हणून. ती कंपनी प्रत्येक देशात सेवा देत नाही, तेव्हा बाकी काही ठरवण्याआधी तुमच्याकडे तिचं खातं उघडतं का ते बघा.