टाकी फुल केली की पेट्रोलचा वास: जुन्या हॅचबॅकचा वर्षभराचा अनुभव

गाडी २०१३ची, पेट्रोल, सेकंडहँड घेतलेली. मायलेज, पिकअप सगळ्यांना माहितीय त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. एसी भारी, क्लच हलका, साताऱ्याच्या गल्लीबोळात फिरवायला एक नंबर गाडी. मी लिहितोय ते फक्त वासाबद्दल, कारण त्यापायी पैसे गेले, पोरं घाटात उलट्या करून बेजार झाली आणि सर्व्हिस सेंटरवाले दर वेळी एकच सांगायचे, "सर, पेट्रोल गाडीला थोडा वास येतोच." नाही येत! धडधाकट गाडीत आत बसल्यावर पेट्रोलचा वास अजिबात यायला नको.

व्हायचं असं की गावात टाकी फुल करून कासला निघालो की समर्थ मंदिरापर्यंत काही नाही, यवतेश्वर घाटाचा चढ लागला की मागच्या सीटवर वास सुरू, काचा खाली घ्याव्या लागायच्या. तीच गाडी अर्ध्या टाकीवर कराडला जाऊन आली तरी काही नाही. हे मी सर्व्हिस सेंटरला नीट सांगितलं, "फुल टाकी, चढाला, मागं." जॉबकार्डावर काय लिहिलं तर "स्मेल चेक". मग बॉनेट उघडून इंजेक्टरच्या (इंजिनात पेट्रोल फवारतात ते) ओ-रिंगा म्हणजे रबरी कड्या बदलल्या, थ्रॉटल साफ केला, एअर फिल्टर नवीन टाकला, सहा हजाराच्या वर बिल, आणि ट्रायल मारली ती सपाट हायवेला पाव टाकीवर. वास कसा येणार तिथं?

शेवटी भावजींच्या ओळखीनं एमआयडीसीतल्या एका मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी एवढंच विचारलं, वास कधी येतो आणि पुढं येतो का मागं. म्हणाले, "सायेब, वास मागं येतोय तर बॉनेट कशाला उघडलं?" पहिलं काम बॅटरीची मायनस वायर काढली, चारी दरवाजे उघडे टाकले, मग मागची सीट उचलून खालचं गोल झाकण काढलं. फ्युएल पंप टाकीत वरून बसवलेला असतो तो तिथं दिसतो (काही गाड्यांत असं झाकण नसतं, टाकीच उतरवावी लागते). सगळीकडं धुळीचा थर आणि पंपाच्या कडेनं एका बाजूला धूळ धुवून गेलेली, तिथला पत्रा स्वच्छ आणि भोवती काळपट ओलसर कड. म्हणजे टाकी भरलेली असताना गाडी चढाला लागली की पेट्रोल मागं सरकून वर चढायचं आणि पंपाच्या गॅस्केटमधून (कडेच्या रबरी सीलमधून) झिरपायचं, टाकी निम्मी झाली की तिथवर पोचायचंच नाही. खाली थेंब कधी दिसला नाही कारण तो पडायच्या आत उडून जायचा. टाकीच्या तोंडापासून येणारा जाड होज पाइप आणि त्याच्या शेजारचा हवेचा बारीक पाइप पण वाकवून दाखवले, दोन्हीवर बारीक भेगा.

गॅस्केट, दोन्ही पाइप, क्लॅम्प, मजुरी मिळून दोन हजाराच्या आत काम झालं. जाड पाइप कंपनीचाच मागवला. बारीक पाइप मिस्त्रींनी इंजेक्शनच्या गाड्यांचा आर९ (पेट्रोल पाइपच्या दर्जाची खूण) छापलेलाच घेतला. काही जण पाण्याचा पाइप किंवा पारदर्शक प्लॅस्टिकची नळी घालून देतात, ती पेट्रोलनं कडक होऊन फुटते. हे बघूनच घ्या.

खरं म्हणजे लिहायला घेतलं तेव्हा सगळा राग ई२० वर, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, काढणार होतो. २०२३ला ते पेट्रोल आलं आणि आमच्या गाडीच्या पुस्तकात १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं छापलंय. पण काढलेला पाइप कापून बघितला तर आतून गुळगुळीत, भेगा सगळ्या बाहेरून, म्हणजे ऊन आणि वय. गॅस्केट मात्र फुगून एवढं सैल झालं होतं की परत खाचेत बसेना. त्यामुळं गॅस्केटचा संशय अजून पेट्रोलवर आहे, पाइपचा नाही.

मधे परत एकदा वास आला तेव्हा डोकंच फिरलं. पण हा वास वेगळा, बाहेर, गाडी लावल्यावर मागच्या चाकापाशी. पंपावरच्या पोरानं नोझल आपोआप कट झाल्यावर राउंड फिगर करायला अजून दाबून भरलं होतं, ते जादा पेट्रोल वाफेच्या पाइपनं कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये (टाकीतली वाफ शोषून घेणारा डबा) गेलं. चार-पाच दिवस गाडी चालवल्यावर आपोआप गेला. आता पहिल्या कटला थांबवतो, पैसे सुटे राहिले तरी चालतील.

ज्यांच्या गाडीत असा वास येतोय त्यांनी कृपा करून पुढच्या सर्व्हिसची वाट बघू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती सीटखाली पायाशी साचते आणि तिथंच पंपाचं वायरिंग असतं. शून्याखाली ४० अंशालासुद्धा पेटेल एवढी वाफ पेट्रोल सोडतं, त्यामुळं थंडीत काही होत नाही असं समजू नका. ओलं दिसलं तर गाडी स्टार्ट न करता टो करून न्या, आणि तपासताना पिवळा हँडलॅम्प लावू देऊ नका, तो बल्ब फुटला तर संपलं. मी आता ड्रायव्हर सीटखाली १ किलोचं ड्राय पावडरचं आग विझवायचं सिलिंडर ठेवलंय.

गाडीवर अजून खूश आहे, विकणार नाही. सर्व्हिस सेंटरकडं मजुरी परत मागितली तर म्हणतात पुढच्या सर्व्हिसला डिस्काउंट देतो. मला डिस्काउंट नको, न लागलेल्या ओ-रिंगांचे पैसे पाहिजेत. जॉबकार्ड, बिल आणि मिस्त्रींनी काढून दिलेलं जुनं गॅस्केट, तिन्हीचे फोटो जोडून लेखी तक्रार दिलीय, पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार.