प्लेटवर लिहिलं होतं ५४०

सोलर बसवणारा हा माणूस आमच्या घरी आला तो मिस्टरांच्या मावसभावाच्या ओळखीने. अनोळखी असता तर दारातूनच परत पाठवला असता. बार्शीत आमच्या गल्लीत त्याआधी दोन घरांवर सोलर बसलं होतं आणि त्यांची बिलं दीडशे-दोनशे रुपयांवर आलेली मी स्वतः पाहिली होती. आमचं बिल महिन्याला अडीचशे युनिटचं, म्हणजे तीन हजारांना टेकलेलं. माझं शिवणकाम दिवसभर चालतं, दोन मशीनला मोटर आहे, फ्रिज आहे, उन्हाळ्यात कूलर. तो स्लॅबवर जाऊन आला, चहा घेतला आणि म्हणाला, "वहिनी, तीन किलोवॅट बसवा. बिल झिरो. ७८ हजार सबसिडी. आणि लाईट गेली तरी तुमचं घर चालू."

सबसिडीचं खरं होतं. २०२४ च्या फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना आली. त्यात पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे ७८,००० मिळतात. तीनच्या पुढे कितीही बसवलं तरी रक्कम तेवढीच. पण ती मिळते सगळं बसून, तपासणी होऊन, नेट मीटर (येणारी-जाणारी वीज वेगवेगळी मोजणारा मीटर) लागल्यावर, आणि ग्राहकाच्याच बँक खात्यात. ठेकेदार योजनेच्या पोर्टलवर नोंदलेला लागतो. सोलरच्या प्लेटा भारतात बनलेल्या लागतात, त्यांच्या आतले वीज बनवणारे सेलसुद्धा. धंद्यातले लोक अशा प्लेटांना डीसीआर म्हणतात. हे सगळं मी नंतर शिकले. त्या दिवशी आमच्या कानात फक्त ७८ हजार राहिले.

दुसऱ्या दोघांनी १,९५,००० आणि २,०५,००० सांगितले होते. याने १,६०,००० सांगितले. मी बँकेच्या कर्जाचं विचारलं, कारण या योजनेत तीन किलोवॅटपर्यंत काही तारण न ठेवता कर्ज मिळतं. तर म्हणाला, "बँकेत दोन महिने जातील, उन्हाळा हातचा जाईल." आता कळतं त्याला बँक का नको होती. बँक कोटेशन मागते, ठेकेदाराची नोंदणी बघते आणि पैसे त्याच्या फर्मच्या खात्यात टाकते. सासूबाईंनी ६०,००० ची ठेव मोडून रोख दिली. ८५,००० मिस्टरांनी दोनदा करून फोनवरून पाठवले, तेही त्याच्या मेव्हण्याच्या नावावर. उरलेले १५,००० सबसिडी आल्यावर द्यायचे ठरले. पावती म्हणून वहीच्या पानावर सही. पोर्टलवर अर्ज भरतो म्हणून त्याने माझ्या फोनवर आलेला ओटीपी घेतला आणि "झालं, तुमचा नंबर लागला" म्हणाला.

मार्च २०२५ च्या पहिल्या आठवड्यात दोन पोरांनी एका दिवसात सहा प्लेटा बसवल्या. प्लेटांची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर जिन्यात लावला, वायर मीटरकडे नेली, संध्याकाळी बटण दाबलं. हिरवा दिवा लागला तेव्हा सासूबाईंनी इन्व्हर्टरला हळदकुंकू लावलं. अर्थिंगसाठी त्यांनी एकच खड्डा घेतला. असे तीन लागतात, एक वीज पडण्यापासून वाचवणाऱ्या सळईला, एक प्लेटांच्या बाजूला आणि एक घराच्या बाजूला. नेट मीटरचं विचारलं तर उत्तर आलं, "तो येतो मागून. तोवर वीज वाया का घालवता?"

एप्रिलचं बिल आलं ३३० युनिटचं. चार हजारांच्या वर.

मला आधी वाटलं रीडिंग चुकलं असेल. बिल घेऊन महावितरणच्या ऑफिसात गेले. तिथल्या मुलीने ग्राहक क्रमांक टाकला आणि विचारलं, "ताई, सोलर कुठंय? तुमच्या नावावर अजून काही मंजूरच नाही." पोर्टलवर माझी नुसती नोंदणी झाली होती. ठेकेदार निवडलेला नव्हता, काम पूर्ण झाल्याची माहिती भरलेली नव्हती, नेट मीटरची मागणी नव्हती. म्हणजे आमचं सोलर सरकारदरबारी अस्तित्वातच नव्हतं आणि परवानगी नसताना आम्ही ते लाईनला जोडून बसलो होतो. मग तिने बिल का वाढलं ते समजावलं. आमचा जुना मीटर एकमार्गी. वीज बाहेरून घरात आली तरी मोजतो आणि घरातून बाहेर गेली तरी ती वापर म्हणूनच मोजतो, कारण मीटर उलटा फिरवून कोणी चोरी करू नये अशीच त्याची रचना असते. दुपारी आमच्या प्लेटांची जी वीज उरून तारेवर जात होती, तिचेही पैसे आम्ही भरत होतो. नेट मीटर गेलेली आणि आलेली वीज वेगवेगळी नोंदवतो आणि बिलात दोन्हींची वजाबाकी होते. तो लागेपर्यंत सोलर चालू करायचंच नाही, हे कोणीतरी आम्हाला सांगायला हवं होतं. मी घरी येऊन आधी इन्व्हर्टर बंद केला.

लाईट गेल्यावर घर चालू राहील, हे तर पहिल्याच आठवड्यात खोटं ठरलं होतं. भर दुपारी लाईट गेली आणि इन्व्हर्टरही गप्प. फोन केला तर म्हणाला, "बॅटरीची सेटिंग राहिली." आमच्याकडे बॅटरीच नव्हती. बिनबॅटरीचं, लाईनला जोडलेलं सोलर लाईट गेली की आपोआप बंद पडतं आणि ते पडायलाच हवं. खांबावर वायरमन काम करत असताना आपल्या स्लॅबवरून तारेत वीज गेली तर त्याचा जीव जाईल. लाईट गेल्यावरही वीज हवी असेल तर बॅटरी आणि तिला चालणारा वेगळा इन्व्हर्टर लागतो, त्याचा खर्चही वेगळा.

नेट मीटरचं प्रकरण एवढंच असतं तर आज हे लिहीत बसले नसते. अर्ज करून ते निस्तरता आलं असतं. खरी चोरी स्लॅबवर होती.

माझे चुलत सासरे जन्मभर वायरमनचं काम करत आले. त्यांना इन्व्हर्टरमधली रोजची नोंद दाखवली. मार्चच्या कडक उन्हात दिवसाला साडेसात, फार तर आठ युनिट. काकांनी सरळ हिशेब मांडला. एक किलोवॅट प्लेटांपासून आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट धरतात. सहा प्लेटा, स्टिकरवर लिहिल्याप्रमाणे ५४० वॉटच्या, म्हणजे ३,२४० वॉट, सव्वातीन किलोवॅट. रोज बारा-तेरा युनिट हवीत. तोवर मला किलोवॅट आणि युनिट यातला फरकच नीट माहीत नव्हता. किलोवॅट ही प्लेटांची ताकद आणि एक किलोवॅट तासभर चाललं की एक युनिट. तो माणूस बोलायचा किलोवॅटमध्ये, आम्ही भरतो युनिटचे पैसे, आणि मधलं गणित आम्ही कधी केलंच नाही.

त्याला फोन केल्यावर म्हणाला, "उष्णतेमुळे प्लेटा कमी देतात." यातही थोडं खरं होतं, म्हणूनच आम्ही महिनाभर ते ऐकून घेतलं. प्लेट चालते प्रकाशावर, उष्णतेवर नाही. तिच्यावर छापलेला वॉटचा आकडा कारखान्यात सेलचं तापमान २५ अंश ठेवून मोजलेला असतो. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी प्लेट साठच्या वर तापते आणि प्रत्येक जादा अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के ताकद घटते. म्हणजे दहा-पंधरा टक्के घट मान्य. पण रोजचं चार युनिटचं सरासरी गणित ही घट धरूनच असतं. तेरातली पाच युनिट उन्हाने खाल्ली, हे काही काकांना पटेना. शिवाय दोन प्लेटा त्याने पाण्याच्या टाकीला चिकटवून लावल्या होत्या आणि दुपारी तीननंतर त्यांच्यावर सावली यायची. सगळ्या प्लेटा माळेसारख्या एकामागे एक जोडलेल्या असतात. एका प्लेटच्या कोपऱ्यावर सावली आली तरी सगळ्या माळेला फटका बसतो. पण ती तीननंतरची गोष्ट.

काका एका रविवारी बारा वाजता क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखा लावून प्रवाह मोजायचं यंत्र, घेऊन आले. त्या दिवशी तपासणीपुरता इन्व्हर्टर सुरू केला. प्लेटांकडून येणाऱ्या वायरीत सव्वासात अँपिअर. ५४० च्या प्लेटला तेवढ्या उन्हात बारा-तेराच्या घरात दाखवायला हवं. मग त्यांनी माझ्याकडे शिवणकामाची टेप मागितली.

आम्ही दोघांनी वाकून प्लेट मोजली. लांबी १९६ सेंटीमीटर, रुंदी ९९. काका तिथेच उन्हात बसून खडूने स्लॅबवर गणित करू लागले, ते मला अजून डोळ्यांपुढे दिसतं. क्षेत्रफळ जवळजवळ १.९४ चौरस मीटर. कारखान्यात प्लेट तपासताना प्रत्येक चौरस मीटरवर १,००० वॉट प्रकाश टाकतात. म्हणजे या प्लेटवर पडणार सगळा मिळून १,९४० वॉट. त्यातून ५४० वॉट वीज काढायची तर प्लेटने जवळपास २८ टक्के प्रकाशाची वीज करायला हवी. घरांवर बसणाऱ्या चांगल्या, नव्या प्लेटा २० ते २३ टक्के करतात. या मापाची प्लेट ५४० ची असूच शकत नाही. खरी ५४० ची प्लेट साधारण २२८ बाय ११३ सेंटीमीटरची असते, आमच्यापेक्षा चांगली हातभर मोठी. आणि ती काळी दिसते. आमच्या निळ्या, बर्फीच्या वड्यांसारखे ठिपकेदार चौकोन असलेल्या. ते जुन्या पद्धतीचे पॉली सेल. असल्या मापाच्या पॉली प्लेटा ३३०-३३५ वॉटच्या असतात. सहा गुणिले ३३५ म्हणजे दोन किलोवॅट. दोनला चार युनिट धरली तर आठ. इन्व्हर्टर पहिल्या दिवसापासून खरं तेच सांगत होता.

काकांनी मला काचेच्या आत बघायला लावलं. प्लेटच्या वरच्या कडेला, काचेखाली, बारकोडची एक बारीक पट्टी आणि खाली अनुक्रमांक असतो. प्लेट बनवतानाच तो आत बंद होतो, नंतर काढता किंवा बदलता येत नाही. पाठीवरच्या स्टिकरवर तोच क्रमांक असायला हवा. मी ओढणीने काच पुसली, मोबाईलचा टॉर्च तिरपा धरला आणि आकडे एकेक करून वाचले. काकांनी खालून स्टिकरचे वाचले. एकही आकडा जुळेना. चार नंबरच्या प्लेटवरचं स्टिकर उन्हाने कोपऱ्यात सुटलं होतं. काकांनी नखाने थोडं उचललं तर खाली दुसरं, पिवळं पडलेलं स्टिकर. त्यावर ३३५. कुठून तरी उतरवलेल्या जुन्या प्लेटा पुसून, वर नवा कागद डकवून आमच्या स्लॅबवर चढवल्या होत्या. सबसिडी मिळायचा प्रश्नच नव्हता. तपासणीला कोणी आलं असतं तर पहिल्या पाच मिनिटांत हे बाहेर पडलं असतं, म्हणूनच त्याने अर्ज पुढे सरकवला नव्हता.

सासूबाई जिन्यात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्यांनी फक्त विचारलं, "माझे साठ हजार रोख दिले ना आपण?" मला उत्तर देता आलं नाही.

त्या माणसाने आधी "कंपनीची चूक, बदलून देतो" म्हटलं, मग फोन घेणं बंद केलं. मावसभाऊही आता तो विषय काढत नाहीत, आणि त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांच्याही एका मित्राचे पैसे असेच अडकलेत. आम्ही पोलिसात अर्ज दिला आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. ज्यांचं असं काही झालंय त्यांच्यासाठी सांगते, आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, तक्रार ऑनलाइनही करता येते, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, पहिला सल्ला मला तिथूनच मिळाला. रोख दिलेल्या ६०,००० चा पुरावा म्हणून आमच्याकडे ते वहीचं पान तेवढं आहे. फोनवरून गेलेल्या पैशांची नोंद बँकेने लगेच काढून दिली.

पुढच्या महिन्यात शेजारच्या गल्लीत एका मावशींकडे सोलरचं बोलणं चाललंय असं कळलं, तेव्हा मी टेप घेऊनच गेले. त्यांच्या कोटेशनमध्ये नुसतं "तीन किलोवॅट सोलर सेट" एवढंच लिहिलेलं. त्यांना सांगितलं की प्लेटचा मेक, वॉट, नग, डीसीआर असल्याचं आणि इन्व्हर्टरचा मॉडेल हे सगळं कागदावर घ्या, ठेकेदाराचं नाव पोर्टलवरच्या यादीत स्वतः शोधा, ओटीपी कोणाला देऊ नका, अर्ज आपल्या फोनवरून भरा. प्लेटा गाडीतून उतरल्या की स्लॅबवर चढायच्या आधी काचेखालचे नंबर फोटो काढून ठेवा आणि बनवणाऱ्या कंपनीला कळवून विचारा. शेवटचा मोठा हप्ता नेट मीटर लागल्यावर द्या. मावशींच्या ठेकेदाराने सगळं निमूट लिहून दिलं. चांगला ठेकेदार चिडत नाही, हे तेव्हा पाहिलं.

आमचा इन्व्हर्टर बंद आहे. वकिलांनी प्लेटांना हात लावू नका म्हणून सांगितलंय, त्यामुळे त्या तशाच उन्हात आहेत. पावसाळ्याच्या आधी मी वर जाऊन चार नंबरच्या प्लेटवरच्या त्या सुटलेल्या स्टिकरवर पारदर्शक टेप लावून आले, खालचं ३३५ नीट वाचता यावं असा.