बी-बॉट : बालवर्गातला चालता-फिरता पाठ

मोठे काम लहान पायऱ्यांत मांडणे, पायऱ्यांचा क्रम लावणे आणि कुठे चुकले ते शोधून दुरुस्त करणे, हा संगणकीय विचाराचा गाभा पाच वर्षांच्या मुलाला पडद्यासमोर न बसवताही शिकवता येतो, हे बालवर्गात बी-बॉट वापरल्यापासून मला मनोमन पटले आहे. मधमाशीच्या रूपातल्या या छोट्या रोबोच्या पाठीवर पुढे, मागे, डावे वळण, उजवे वळण अशी बटणे असून थांबण्याचे, आधीच्या आज्ञा पुसण्याचे आणि सुरू करण्याचे बटण वेगळे आहे. एका आज्ञेला तो १५ सेंटिमीटर सरकतो किंवा जागच्या जागी ९० अंशांत वळतो.

हे 'जागच्या जागी' फार मोलाचे आहे. उजवे बटण दाबले की रोबो शेजारच्या चौकटीत जाईल, अशी एका मुलीची खात्री होती. तो नुसताच वळला. ती उठली, त्याच्यामागे उभी राहिली, स्वतः उजवीकडे वळली, एक पाऊल टाकले आणि म्हणाली, "आधी वळायचं, मग पुढे!" १९६७ मध्ये जन्मलेल्या लोगो या मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत आज्ञेनुसार फिरणारे एक कासव असते; त्याच्याबाबत या भाषेच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या सेमूर पेपर्ट यांचा आग्रह हाच होता, की मुलाने स्वतःला कासवाच्या जागी कल्पून विचार करावा.

पुसण्याचे बटण विसरले, तर जुन्या आज्ञांमागे नव्या जोडल्या जातात आणि रोबो भलतीकडेच निघतो. अशा वेळी शिक्षकांनी घाईने ते बटण स्वतः दाबू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तो का भरकटला, हे मुलांना शोधू द्यावे.

दाबलेल्या आज्ञा मात्र रोबोवर कुठेच दिसत नाहीत, म्हणून बाणांची कार्डे आधी ओळीने मांडून घेणे मी आवश्यक मानते. किबो या रोबोत बारकोड असलेले लाकडी ठोकळे जोडून आज्ञा देतात, त्यामुळे सगळा क्रम मुलांच्या डोळ्यांसमोर राहतो. शिवाय त्यात 'पुन्हा कर' अशी आज्ञाही देता येते. बी-बॉटच्या बटणांनी ते साधत नाही. त्यामुळे क्रम पक्का झालेल्या मोठ्या मुलांना तो अपुरा पडतो, पण सुरुवातीसाठी मी त्यालाच पसंती देईन. तीन-चार मुलांमागे एक रोबो मात्र हवाच. गट याहून मोठा झाला, की एकच मूल बटणे दाबते आणि बाकीची नुसती बघत बसतात.